फुटाला इंच

आमच्या ह्यांनी घरात कधी भिंतीला खिळा ठोकला नाही. दिवसभर शहाडला नव्या गिरणीची यंत्रं जोडणारा माणूस, पण घरातली फळी लोंबत असली तरी ढुंकून बघायचा नाही. शेवटी हातोडी मीच घ्यायची. त्यामुळे एका रविवारी रॉकेलचा रिकामा डबा उभा चिरून, ठोकून सपाट करून, हे त्याच्यावर खडूने रेघा ओढायला बसले तेव्हा मला वाटलं, चला, तांदळाच्या पिंपाला झाकण होतंय. झाकण नव्हतं ते. लढाईतली चिलखती गाडी होती, फुटाला इंच या मापाची, आणि ती पुरी होईपर्यंत होळी जवळ आली.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आम्ही कल्याणला स्टेशनापासून आत, एका चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. मोठ्या लढाईत हे सैन्यात ड्रायव्हर होते. ब्रह्मदेशात अशीच एक चिलखती गाडी चालवत होते. गाडीत तिघं असत. पुढे हे, आणि वरच्या फिरत्या बुरजात दोघं, एक हुकूम देणारा आणि दुसरा तोफ चालवणारा. तोफवाल्याला हे गनर म्हणायचे. हा गनर मानपाड्याकडच्या आगरी शेतकऱ्याचा मुलगा. दोघं एकाच तालुक्यातले म्हणून त्यांची गट्टी जमली होती. लढाई संपत आली असताना ती गाडी गेली. हुकूम देणारा गेला, हे परत आले, आणि गनर बेपत्ता असं सरकारने त्याच्या घरी कळवलं.

बेपत्ता हा शब्द फार वाईट. मेला म्हटलं की माणूस रडतो, तेरावा करतो आणि पुढच्या पेरणीला लागतो. बेपत्ता म्हटलं की बसा वाट बघत.

गनरचे वडील दर दोन-तीन महिन्यांनी मानपाड्याहून शेतांच्या बांधाबांधाने चालत आमच्याकडे यायचे. कधी वालाच्या शेंगा आणायचे, कधी उकड्या तांदळाचं गाठोडं. ओटीवर बसायचे, चंचीतून पान काढायचे आणि ह्यांना विचारायचे, काय खबर? जसं काही आमच्या ह्यांना रोज ब्रह्मदेशातून तार येत होती. हे खाली मान घालून म्हणायचे, अजून शोध चालू असेल, बाबा. म्हातारा तेवढ्यावर खूश. त्याचं आपलं मनाशी ठरलेलं होतं की पोराच्या डोक्याला मार बसलाय, त्याला गाव आठवत नाही, कुठल्यातरी जंगलातल्या गावात तो भात लावत असेल. एक दिवस आठवेल आणि येईल. जपान्यांच्या कैदेतून वर्षा-दोन वर्षांनी परत आलेल्या कुणाकुणाच्या गोष्टी त्याला पाठ होत्या.

तो गेला की हे दोन दिवस धड जेवायचे नाहीत. मी म्हणायची, म्हाताऱ्याला आशा आहे तर असू दे, आपलं काय जातं? झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हा मला त्याच्या घरी अजून कोण आहे ते ठाऊक नव्हतं.

त्या पावसाळ्यात म्हातारा एकदा सुनेला घेऊन आला. गनरची बायको. फार तर बावीस वर्षांची असेल, काळीसावळी, कामाने हात खरखरीत झालेली, कपाळावर आडवं कुंकू. म्हातारा ओटीवर ह्यांच्याशी बोलत बसला तेव्हा ती आत माझ्यापाशी आली आणि न विचारता शेंगा सोलायला लागली. सोलता सोलता म्हणाली, "बाय, तुमचे मालकाला इचारा. त्यो हाय का नाय. एक काय तं सांगा मना."

मग हळूहळू सगळं सांगितलं. घोडबंदरकडच्या मिठागरावर काम करणारा एक बिजवर होता, बरा माणूस, तिला पाट लावून न्यायला तयार होता. त्यांच्यात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागतो, त्यात कमीपणा कुणी मानत नाही. पण ही विधवा कुठे होती? सासरा म्हणायचा, माझा पोरगा जिवंत आहे, त्याच्या बायकोचा पाट लावू? गावही त्याच्याच बाजूचं. सासू केव्हाच गेलेली, माहेरी कुणी उरलं नव्हतं. होळीपर्यंत थांबतो, असं त्या बिजवराने कळवलं होतं. त्यालाही आईवेगळी दोन मुलं सांभाळायची होती. सासरा वाईट नाही, हेही तिने सांगितलं. तो तिला मुलीसारखं वागवायचा आणि म्हणूनच तिला त्याच्या तोंडावर बोलता येत नव्हतं.

ते दोघं गेल्यावर मी ह्यांच्यावर भडकले. मला खरंच फार राग आला होता. मी म्हटलं, तो गेला की नाही, एवढं तरी तुम्हाला ठाऊक आहे ना? हे म्हणाले, गेला. मग त्या पोरीचा जन्म कशाला जाळताय, म्हटलं, सांगून टाका. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का? हे म्हणाले की तो गेला असं सांगितलं की म्हातारा विचारणार, मग तू कसा आलास? आणि ते तोंडाने सांगून त्याला कळायचं नाही. त्याने बैलगाडी पाहिली आहे, फार तर मालाची लॉरी. तो म्हणेल, उडी का नाही मारली? त्या गाडीला खिडकी नसते, हे त्याला कसं सांगू?

"दाखवावं लागेल," एवढंच शेवटी म्हणाले. पुढच्या रविवारी डबा चिरला.

नकाशा नव्हता, फोटो नव्हता. सैन्यातल्या गाडीचा फोटो कोण काढू देणार? होतं ते सगळं ह्यांच्या अंगात. माझ्याकडे शिवणाची मापं घ्यायची टेप होती. हे पाटावर बसायचे, पाय पुढे सोडायचे, डोळे मिटायचे, हात चाकावर धरल्यासारखे करायचे आणि मला सांगायचे, इथे, गुडघ्याच्या पुढे चार बोटांवर पोलाद. त्यांच्या गुडघ्यापासून चार बोटं सोडून मी पुस्तक उभं धरायची आणि टेप लावायची. डोक्यावर किती, खांद्याशी किती, समोरची बघायची फट डोळ्यांपासून किती. फट दोन बोटांची. त्या दोन बोटांतून ह्यांनी सगळी लढाई पाहिली होती. माप फुटात आलं की त्याचे इंच करून मी भिंतीवर कोळशाने लिहायची. असं करत करत आमच्या स्वयंपाकघरात एक गाडी उभी राहिली, फक्त ती दिसत नव्हती.

मग बुरजाचं माप घ्यायची वेळ आली. हे म्हणाले, तू बस. पाट माझ्याखाली दिला, मला गुडघे छातीशी घ्यायला लावले, मान जरा डावीकडे, उजवा खांदा पुढे. इथे तोफेची मागची बाजू, इथे गोळ्यांची पेटी, पाठीशी दुसऱ्या माणसाचे पाय. टेप आता ह्यांच्या हातात. माझ्या गालापासून माप घेताना त्यांच्या हातातून टेप गळून पडली. मी त्याच जागी बसून राहिले. थोड्या वेळाने माझ्या पायाला मुंग्या आल्या, तरी उठायचं धैर्य होईना. त्यांनी टेप उचलली आणि उरलेली मापं घेतली.

टिनाचे तुकडे कातरीने कापून, कडा घासून, कथलाने डाखून जोडायचे. कथील तापवायचं लोखंड माझ्या शेगडीत असायचं आणि नवसागराचा वास माझ्या भाताला. डाव्या हाताची बोटं कापून कापून चिंध्या बांधलेली. पुढचा उतरता पत्रा त्यांनी तीनदा केला. पहिले दोन मला तरी सारखेच दिसत होते, पण हे म्हणाले की असा उतार असता तर गोळी घसरून वर गेली नसती. आणि दोन्ही तुकडे त्यांनी फेकून दिले. खऱ्या गाडीवर रिवेटांची डोकी दिसतात. ती कशी करायची? तर शिशाच्या लगडीवर पत्रा पालथा ठेवून खिळ्याने मागून टोचा द्यायचा, म्हणजे पुढच्या बाजूला फोड आल्यासारखा टिंब उठतो. असे किती टोचे दिले त्याला गणती नाही. चाकं भोवरे करणाऱ्या खराद्याकडून लाकडाची कातून आणली आणि त्यांना सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलं. तोफ छत्रीच्या काडीची. बुरूज माझ्या पावडरच्या डब्याच्या झाकणावर बसवला, त्यामुळे तो खऱ्यासारखा फिरायचा. वर एक झाकणाचं दार, पुढे ड्रायव्हरच्या बाजूला एक लहान दार, दोन्ही उघडणारी. त्यांच्या बिजागऱ्या माझ्या केसांच्या आकड्यांच्या.

चाळीत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? आम्हाला तेव्हा मूल नव्हतं. बायका नळावर म्हणायच्या, पाळणा हलायच्या आधीच खेळणं तयार. एकीने तर विचारलं, मुलगी झाली तर काय करणार हो? मी हसायची. काय सांगणार, की हे एका माणसाची मरायची जागा बनवतायत म्हणून?

गाडी पुरी झाली, हिरवा-काळा रंग वाळला. आणि मला कबूल केलं पाहिजे, ती फार सुंदर झाली होती. सव्वा फूट लांब, अंगाने बसकी, दोन बोटांची ती फट आता केसाएवढी. मी तिच्याकडे बघत राहायची. हे मात्र तिच्यावर कापड टाकून ठेवायचे.

मी निरोप पाठवला तेव्हा म्हातारा सुनेला घेऊन आला. होळी पुढ्यात आली होती. ह्यांनी गाडी ओटीवर मधोमध ठेवली आणि कापड काढलं. म्हाताऱ्याने आधी तिला हात जोडले. का, ते मला कळलं नाही, पण जोडले. मग ह्यांनी समजावलं, मी इथे बसायचो, तो इथे, हा रस्ता, हे दार. बुरजाचं झाकण उघडून आत दाखवलं. म्हातारा डोळे बारीक करून आत बघत होता. सून दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

पूजेला बसताना बायको हजर नसली तर तिच्या जागी सुपारी ठेवतात, हे आपल्याकडे पोराटोरालाही माहीत असतं. म्हाताऱ्याने चंचीतून एक अख्खी सुपारी काढली, कपाळाला लावली आणि झाकणातून आत, गनरच्या जागेवर ठेवली. म्हणाला, "यो माजा पोर." थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याच झाकणातून दोन बोटं घालून त्याने सुपारी अलगद बाहेर काढली आणि आमच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उजळला होता. "दार उघरतंय की. मंग निंगाला आसंल त्यो."

इतके महिने खपून, बोटं कापून ह्यांनी झाकण उघडणारं केलं, कारण खरं झाकण उघडायचं, आणि आता म्हाताऱ्याला त्यातून पोरगा बाहेर पडताना दिसत होता. चौकटीतली सून माझ्याकडे बघायला लागली. होळीनंतर तिला कुणी विचारणार नव्हतं, आणि आता सासऱ्याच्या हातात पुरावाच आला होता. मी ह्यांच्याकडे पाहिलं. आता गप्प बसलात तर मी तुम्हाला कधी माफ करणार नाही, असं माझ्या मनात आलं, आणि ते बहुतेक माझ्या तोंडावर दिसलं असावं.

ह्यांनी म्हाताऱ्याच्या बोटांतून सुपारी घेतली. परत तिच्या जागी ठेवली. झाकण लावलं. आणि दोन्ही हातांनी गाडी उचलून जमिनीवर उलटी केली, चाकं वर, बुरूज खाली. आत सुपारी खडखडली.

"आता काढा, बाबा," हे म्हणाले.

म्हातारा वाकला. बुरजाच्या कडेने बोटं घालून बघितली. झाकण फरशीला टेकलं होतं. त्याने या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं, मग तो बसून राहिला.

मग ह्यांनी सांगितलं. बांधावरून जाताना मागच्या चाकाखाली सुरुंग फुटला आणि गाडी ओढ्यात उलटी पडली. हुकूम देणाऱ्याचं डोकं बाहेर होतं, तो तिथेच गेला. बुरूज चिखलात रुतला. ह्यांचं दार पुढे होतं, गाडीचं नाक काठावर अडकल्यामुळे ते हातभर उघडलं. मागे बुरजाकडे जायची वाट गोळ्यांच्या पेट्यांनी बंद झाली होती. हात तेवढा जात होता.

म्हाताऱ्याने विचारलं, "बोलत व्हता?"

"बोलत होता. त्याने माझा हात धरला होता. मी बाहेर जाऊन हातांनी चिखल उकरला, परत आत येऊन त्याचा हात धरला. मग पेट्रोल पेटलं." म्हातारा वाट बघत होता. "तो हात सोडत नव्हता, बाबा. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली."

लग्नाला इतकी वर्षं होऊन हे मीसुद्धा तेव्हा पहिल्यांदा ऐकत होते. सैन्यातल्या साहेबाला ह्यांनी सांगितलं होतं की धुरात काही दिसलं नाही. म्हणून तो पोरगा बेपत्ता झाला होता. सरकारने नाही, आमच्या ह्यांनी त्याला बेपत्ता केलं होतं.

मला वाटलं म्हातारा मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने गाडी उचलली, हळूच, पडलेलं वासरू उचलावं तशी, आणि चाकांवर उभी केली. हे सुपारी काढायला पुढे झाले तर त्याने ह्यांचा हात अडवला. म्हणाला, "राव दे. तिथंच हाय त्यो."

सुनेने पदराचं टोक ओलं केलं आणि स्वतःच कपाळ पुसलं. खरं म्हणजे हे सगळं नदीवर व्हायचं असतं, बायका जमतात, बांगड्या फोडतात, रडतात. ती रडली नाही. म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. जाताना त्याने गाडी मागितली. ह्यांनी ती कापडात बांधून दिली.

ज्याचं प्रेत मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. उल्हास नदीच्या काठी तसा पुतळा केला. डोक्याच्या जागी नारळ होता. आम्हाला बोलावणं होतं, आम्ही गेलो. म्हाताऱ्याने त्या पुतळ्याच्या पोटावर गाडी ठेवली. भटजी म्हणाले, टिन जळत नाही हो, हे शास्त्रात नाही. म्हातारा म्हणाला, जळेल तेवढं जळू द्या. रंग आधी फुगला, मग काळा पडला. रबर पेटलं, त्याचा घाण धूर आला. मग कथील वितळलं आणि सांधे सुटले. ह्यांनी तीनदा केलेला तो उतरता पत्रा अलगद निसटून बाजूला पडला. मला माझे आकडे, माझं पावडरचं झाकण, ते सगळे महिने आठवले आणि फार वाईट वाटलं. अशा ठिकाणी हे वाटायला नको होतं, पण वाटलं. हे शेवटपर्यंत उभे होते. धुराकडे तोंड करून उभे होते, डोळ्यांतून पाणी येत होतं तरी बाजूला सरले नाहीत.

दहावा-बारावा सगळं रीतसर झालं. त्या बिजवराने होळीचा बोल मागे घेऊन आणखी थोडी वाट बघितली. चांगला माणूस असावा. मग म्हाताऱ्याने स्वतः येऊन पाटाचं सांगितलं. पोरीला माहेरचं कुणी नाही, तिच्या बाजूने भाऊ म्हणून उभं राहायला हवं, असं तो ह्यांना म्हणाला. ह्यांनी नाही म्हटलं. मी आतून सांगितलं की येतील म्हणून.

अशा लग्नाला वाजंत्री नसतात, अक्षता नसतात. सवाष्णीने जाऊ नये म्हणतात, पण मी गेले. माणसं मोजकीच होती, आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. म्हातारा एका बाजूला पाठ भिंतीला लावून बसला होता. मुलगा गेला आणि आता सूनही चालली, घरात त्याच्या भाकरीला कुणी उरणार नव्हतं, आणि हे त्याने स्वतःच्या हाताने केलं होतं. त्याच्याकडे माझ्याच्याने बघवेना. त्या बिजवराची दोन्ही मुलं नव्या साडीकडे टकमक बघत होती.

ह्यांनी भावाची साडी दिली. पोरगी वाकून ह्यांच्या पाया पडली. पडल्या पडल्या, मान वर न करता, ती म्हणाली, "तुमी बी तिथंच रायला असता तं मना सांगाला कोन आला असता?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. उपकार मानल्याचाही सूर नव्हता. जसं होतं तसं तिने सांगितलं.

ह्यांनी आशीर्वादाला तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात निघाला की उठावं म्हणून ती वाट बघत राहिली, पण तो निघेना. आजूबाजूची माणसं बघायला लागली. शेवटी मी पुढे झाले आणि त्यांची बोटं धरून तो हात बाजूला घेतला.